उतारावर शिकवलेले चौदा जण

चाचा, परवा साखरखेर्ड्याची एक सून माझ्या गाडीवर शिकत होती. ग्रामपंचायतीत नोकरीला आहे, रोज सकाळच्या बसने मेहकरला येते आणि तासभर शिकून जाते. कापसाच्या जिनिंग मिलच्या पुढचा उतार लागला तशी तिने हात पुढे करून चाबी फिरवली आणि इंजिन बंद केलं. माझ्या बाजूचा ब्रेक दाबून मी गाडी कडेला घेतली आणि हे काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आमचे मामाजी असंच करतात. पेट्रोल वाचते म्हणतात. त्याइले तं तुम्हीच शिकवलं न, मॅडम?" मामाजी म्हणजे तिचे सासरे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुम्हाला सहीपुरतीच अक्षरं यायची, तरी लिहायला बसले आहे, कारण मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. सातवीत शाळा सुटली, पण पुढची पोरगी यायची वाट पाहत गाडीत बसून वाचनालयाची कितीतरी पुस्तकं वाचली मी. ती सवय तुमच्यामुळेच लागली, हे तुम्हाला माहीतही नसेल.

माझे मालक गेले तेव्हा अंगणात त्यांची पांढरी छोटी गाडी उभी होती. दीर म्हणाले विकून टाक, भाऊ म्हणाला विकून टाक. तुम्ही बसस्टँडसमोर गाडी शिकवायचे, मालकांनाही तुम्हीच शिकवलेलं, म्हणून भेटायला आलात. पाणीसुद्धा न घेता गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर पाय मारून पाहिला आणि म्हणालात, "इकू नको बेटी. आंधी चालवाले शीक, मंग इक." मी म्हटलं, "लोक काय म्हणतीन चाचा?" तुम्ही म्हणालात, "लोकं शिकाले येतीन. बायाइले माणसाजवळ बसून शिकाले लाज वाटते, तुह्याजवळ येतीन."

पहिले चार दिवस तुम्ही मला इंजिन सुरूच करू दिलं नाही. जिनिंगच्या रिकाम्या मैदानात गाडी उभी. मी डोळे मिटून क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, आणि तुम्ही बाहेर बाभळीखाली बसून तोंडाने इंजिनचा आवाज काढायचे. क्लच झटक्यात सुटला की तोंडानेच गाडी बंद पाडायचे. "मेली तुही गाडी. पुन्हा लाव." मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं हसून लोळायची. चौथ्या दिवशी मी विचारलं, "खरी गाडी कधी चाचा?" तर म्हणालात, "मह्या तोंडात पेट्रोल नाही लागत, म्हून इथं शिकून घे." मी आजही तसंच शिकवते. आवाज तुमच्यासारखा येत नाही, पण पोरी हसतात आणि माझा क्लच दोन वर्षं जातो. पलीकडच्या गल्लीत थंड हवेच्या गाडीचा नवा क्लास निघालाय, त्यांचा वर्षभरात जळतो म्हणे.

खर्चाचं गणितही तुम्हीच लावून दिलं. फी हातात आली की आधी पेट्रोलचं काढायचं, मग टायर-क्लचचं, मग विमा आणि फिटनेसचं, आणि उरलं ते घरचं. तुमचं म्हणणं असं की शिकणारा माणूस क्लच खातो, ब्रेक खातो, टायर खातो, ते त्याने भरलेलं असतं, ती आपली कमाई नाही. त्यातून पोरीचा फ्रॉक घेतलास तर समज गाडीचं चाक काढून फ्रॉक घेतला. तुमची नजर गेली आणि तुम्ही शिकवणं थांबवलं, तेव्हा तुमच्या गाडीतले शिकवणाऱ्याच्या बाजूचे ब्रेक आणि क्लचचे पायडल काढून मिस्त्रीकडून माझ्या गाडीत बसवून दिले. मी पैसे विचारले तर रागावलात. गाडी दोनदा बदलली मी, पायडल तेच आहेत.

आणि मग ते वर्ष आलं. पेट्रोल चढतच गेलं, महिन्याला तीन-चारच जण शिकायला, माझी पोरगी पाचवीत. फी वाढवली तर तेही येणार नाहीत. मला कुणीतरी सांगितलं की उतारावर इंजिन बंद केलं तर बरंच वाचतं. मी करून पाहिलं. गाडी आपली आपण खाली जाते, बरं वाटतं. मग मी शिकणाऱ्यांनाही तेच सांगायला लागले, जणू मोठी हुशारी शिकवते आहे. त्यातल्या एका नर्सबाईने तुमच्यासमोर माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाचा हात धरून तुम्ही माझ्या दारात. नातवाला माघारी पाठवलं आणि माझ्या बाजूला बसून म्हणालात, चल उतारावर. माथ्यावर पोचल्यावर तुम्हीच हात घालून इंजिन बंद केलं. "दाब ब्रेक." दाबला, गाडी हळू झाली. "सोड. पुन्हा दाब." तिसऱ्या वेळी ब्रेक पायाखाली दगडासारखा घट्ट झाला. मी अर्धी उभी राहून दाबत होते आणि गाडी चाललीच होती. मी ओरडले, "चाचा, थांबून नाही राह्यली!" तुमच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, पण तोही दगडच. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसला होतात. खाली नाल्याजवळ रस्ता पुन्हा चढतो, तिथे गाडी आपोआप थांबली. ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही तो उतार निवडला होता. नजर गेलेल्या माणसाला रस्त्याचा चढ आठवत होता आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या मला नाही.

मी रडत होते. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "इंजिन बंद तं ब्रेकची ताकद बंद. तू पेट्रोल वाचवलं, ठीक. पण हे कितीइले शिकवलं?" मी मोजून सांगितलं, चौदा. "मंग चौदाच्या घरी जाय. म्हण, म्या चुकीचं शिकवलं. गाडीनं नको जाऊ, बसनं जाय."

मी गेले. मेहकरातले सहा, बाकी खेड्यांवरचे. एका मास्तरीणबाईने दारातूनच वाटेला लावलं. नर्सबाई म्हणाली, "मॅडम, म्या एकदाच केलं होतं, मले तं भेवच लागलं." एका शिंप्याने शिवण थांबवून सगळं ऐकलं, आणि शांतपणे म्हणाला की अशी कबुली द्यायला आलेली उस्ताद त्याने पहिल्यांदा पाहिली. तेरा घरं झाली. चौदावा साखरखेर्ड्याचा कृषी केंद्रवाला, या सुनेचा सासरा. त्याच्या दुकानात गाव बसलेलं असायचं आणि त्या गावातून माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई त्याच्याच सांगण्यावरून यायची. मी बसमधून उतरले, दुकानासमोर उभी राहिले, आतला मोठा हसण्याचा आवाज ऐकला, आणि परतीच्या बसने निघून आले.

आज सकाळी गेले, चाचा. त्याचे केस पांढरे झालेत. मी सांगितलं तसा तो हसला, "अवो मॅडम, इतकी वर्षं बंद करून राह्यलो, काही झालं नाही." मी वाद घातला नाही. दुकानासमोर उभ्या त्याच्याच गाडीत त्याला बसवलं आणि इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबायला लावला. चार वेळा. त्याचा पाय अडला. त्याने आपणहून ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग म्हणाला, "याच गाडीत मी नातवाइले घेऊन येरझारा केल्या. हे तवाच सांगाले पायजे होतं तुम्ही." मी म्हटलं, हाव, तवाच सांगायला पाहिजे होतं. दुकानात चार माणसं बसली होती, त्यांनीही ऐकलं. उद्यापासून त्या गावातून कुणी येईल की नाही, ठाऊक नाही.

हे पत्र कुठे धाडणार? तुमच्या नातवाला वाचून दाखवता आलं असतं, पण त्याने काय ऐकावं? तुम्हाला मात्र एवढं सांगायचं राहिलं आहे. तेव्हा साखरखेर्ड्याहून तशीच परत आले त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बसवलं होतं आणि विचारलं होतं, "झाले सारे?" मी म्हटलं, "हो चाचा, चौदाही." तुम्ही चाचींना म्हणालात, या पोरीनं मही इज्जत राखली, हिले साय घालून चहा दे. चाचींनी दिला. मी तो सगळा प्यायले.