श्वासाचा नियम

सेजफोर्क, मोंटाना
१२ मे

चि. मर्ल यास ऑरिनचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं ख्रिसमसचं पत्र अजून टेबलावर आहे आणि उत्तर मी आज, मे महिन्यात लिहितो आहे. रागावू नकोस. फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही, तू नुसता हो हो करत राहतोस. उशीर झाला तो माझ्या छातीमुळे. जन्मभर धान्याच्या कोठारात धूळ खाल्ली, ती आता बोलायला लागली आहे. डॉक्टर म्हणाला, केकवरची मेणबत्तीसुद्धा जोरात फुंकू नका. मी म्हणालो, केकचं राहू द्या, जुलैतल्या नेमबाजीचं काय? त्याला ते कळलंच नाही. तो बाहेरगावचा आहे.

आपल्याकडचा वारा किती कोरडा ते तू विसरला नसशील. काळ्या बारुदीचं एक काडतूस उडालं की नळीत काजळी बसते आणि बघता बघता गिलाव्यासारखी कडक होते. पुढची गोळी तिच्यावरून खरडत जाते आणि निशाणाचा लोखंडी मेंढा सोडून टेकडीला लागते. म्हणून आम्ही दर गोळीनंतर मागून फुंकणी लावून नळीत श्वास सोडतो, त्याच्या ओलाव्याने काजळी मऊ राहते. तू गजाला ओली चिंधी लावून पुसायचास. त्या चिंधीने तू मला हरवलंस, त्याच हिवाळ्यात मी क्लबात नियम करून घेतला, की सामना चालू असताना नळीत श्वासाखेरीज काही घालायचं नाही. गोळी सोडून, अर्थात. तोच नियम आज माझ्या छातीवर बसला आहे.

खरी काळजी मार्लिसची. तिने बिलिंग्जला स्वतःच्या घरी माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, फिकट पिवळी. मी फुशारकीने म्हणालो, पोरी, माझ्या छातीत अजून मेंढा पाडण्याइतकं बळ आहे. तिने शब्दात पकडलं. म्हणाली, बरं तर बाबा, जुलैत मी स्वतः येऊन बघते. शेवटच्या गोळीपर्यंत फुंकलंत तर राहा खुशाल एकटे, नाहीतर जागा विकायची आणि मुकाट्याने माझ्याकडे यायचं. मी हो म्हणून बसलो. पिवळ्या खोलीच्या खिडकीतून म्हणे गाड्या धुवायचं दुकान दिसतं. मी तिथे उभा राहून काय बघू?

तू गोळीला लावतोस त्या वंगणाची कृती कळव. वंगण चांगलं असलं तर काजळी मुळात मऊ बसते आणि फुंकावं कमी लागतं, असं ऐकलं आहे. पूर्वीचं मनात न धरता उत्तर दे.

तुझा,
ऑरिन


युमा, अॅरिझोना
२ जून

ती. दादास मर्लचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो कागदावरच घालतो आहे.

पत्र वाचून आधी काळजी वाटली, मग हसू आलं, मग पुन्हा काळजी वाटली. तुझी सगळी पत्रं अशीच असतात.

कृती सोपी आहे. मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी सारखी घे, मंद आचेवर वितळव, वर थोडं ऑलिव्हचं तेल घाल. गाडीचं ग्रीस, व्हॅसलिन, खनिज तेलापासून केलेलं कुठलंही काही त्यात घालू नकोस. बारुदीच्या आगीत त्याचं डांबर होतं. या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे, कारण तू मधल्या ओळी गाळून वाचतोस.

पण दादा, इतकी यातायात कशाला? अध्यक्ष तूच आहेस. नियम तू केलास, तूच मोड. मला तो दिवस चांगला आठवतो. माझी चिंधी चिमटीत धरून तू भाषण केलंस, की माळावर रानगवे मारणारे आपले पूर्वज खिशात चिंध्या घेऊन फिरत नव्हते. आपले पूर्वज तेव्हा नॉर्वेत मासे खारवत होते, हे मी त्या दिवशी बोललो नाही. आईने वडीलधाऱ्यांचा मान ठेवायला शिकवलं होतं. एरवी कधी ठेवला नाही, त्या दिवशी ठेवला.

औषध घे. इथे कोणी विचारलं तर मी अजूनही तुझा धाकटा भाऊ असल्याचं कबूल करतो, एवढी माया पुरे समज.

मर्ल


सेजफोर्क
२८ जून

चि. मर्ल यास आशीर्वाद.

वंगण केलं. मेण मिळालं, चरबीही मिळाली. ऑलिव्हचं तेल तेवढं नव्हतं. मग विचार केला, मी रोज रात्री छातीला चोळतो ते मलम चांगलं गुळगुळीत आहे, माझी नळी मोकळी करतं तर रायफलची का नाही करणार? म्हणून ते दोन चमचे घातलं. तुझी रेघेची ओळ मी नंतर वाचली. चौथ्या गोळीला नळीत डांबरी सडक तयार झाली आणि माळावर इतका पुदिन्याचा वास सुटला की क्लबातला ड्युई क्रांट्झ विचारायला आला, अध्यक्ष, कोणी आजारी आहे का? दोन दिवस ऊन पाणी ओतून नळी घासत बसलो होतो.

त्याहून वाईट सभेत घडलं. मी मोठ्या हुशारीने विषय काढला, की काळ बदलला, चिंधीचा फेरविचार व्हावा. तर ड्युई उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मर्ल. म्हणाला, हा नियम ज्यांनी घातला ते आपल्यात बसलेले असताना त्यांच्यादेखत तो मोडायचा? ते मनाचे मोठे म्हणून स्वतःच विषय काढतात, पण आपण एवढे हलके आहोत का? बायकांनी केक कापायचं सोडून टाळ्या वाजवल्या. मग समारोपाला मला उभं केलं. मला वाटलं होतं की मी चिंधीच्या बाजूने बोलेन. पण समोर एवढी माणसं बसलेली बघितली आणि तोंडातून आपोआप रानगवे निघाले. नियम एकमताने कायम झाला. एकमतात माझंही मत धरलं आहे. आता तो लाकडी फळीवर कोरून दारावर लावणार आहेत, खाली माझं नाव.

घरी येऊन फुंकणी लावून बघितली. तिसऱ्या श्वासाला डोळ्यांपुढे अंधारी आली. मार्लिसला यातलं काही सांगू नकोस.

ऑरिन


युमा
५ जुलै

ती. दादास नमस्कार.

मलमाची गोष्ट शेजाऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

मी या भानगडीत पडत नाही. मार्लिसला मला एक पत्र घालायचंच होतं, ते आजच टाकतो आहे. विषय वेगळा आहे.

जपून राहा. कोरडा श्वास काजळीला काही उपयोगाचा नाही, सकाळपासून भरपूर पाणी पी.

मर्ल


सेजफोर्क
१४ ऑगस्ट

चि. मर्ल यास ऑरिनचे अनेक आशीर्वाद.

सामना झाला. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुला दोष नक्की कुठे ठेवायचा ते ठरवता येईल.

मार्लिस सकाळी आली ती भलीमोठी पाण्याची बाटली घेऊन, आणि सारखी पीत होती. मी म्हणालो, एवढं पाणी कशाला? म्हणाली, उकडतंय. नऊ वाजता, वाऱ्यात! मग माझ्याशेजारी बसून म्हणाली, दुर्बीण मी धरते. वाऱ्याचा अंदाज ती बरा सांगत होती. लोखंडी कोंबड्या पडल्या, डुकरं पडली. टर्कींपाशी माझा दम गेला आणि मेंढ्यांची वेळ आली तेव्हा मी पोटावर पडून नुसता माशासारखा तोंड उघडत होतो. फुंकणी लावली, श्वास नळीत गेलाच नाही. बाजूला ओठांतून निघून गेला.

मार्लिसने माझ्या हातातून फुंकणी ओढली. म्हणाली, बाबा, निळे पडलात, सरका तिकडे. आणि तिने अशी फुंकर घातली की नळीच्या पुढच्या तोंडातून धूर बाहेर पडताना मी पाहिला. ड्युईने सामना थांबवला. तो म्हणाला, दुसऱ्याचा श्वास चालतो का, अध्यक्षांनी निकाल द्यावा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बोलवत नव्हतं. पाणी हवं म्हणून मी हात वर केला, तर ड्युईने जाहीर केलं, अध्यक्षांनी परवानगी दिली, श्वास कोणाचाही असो, श्वास तो श्वास! लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी काही केलं तरी हे लोक टाळ्या वाजवतात.

मग ती फुंकत होती आणि मी मारत होतो. मेंढे पडले, शेवटचा सोडून. बक्षीस ड्युईला गेलं.

परतताना गाडीत मीच विषय काढला. म्हणालो, माझ्या श्वासावर जमलं नाही, मी हरलो, सामान कधी बांधू? तिने आधी गाडीचा आरसा सरळ केला. मग म्हणाली, शेवटचा मेंढा श्वासामुळे नाही चुकला, मी वारा चुकीचा सांगितला. सप्टेंबरातल्या सामन्यात तसा सांगणार नाही.

एवढंच. खोलीबद्दल एक अक्षर नाही. पण त्यानंतर दर शनिवारी ती येते. माझं खारवलेलं डुकराचं मांस फेकून दिलं, गोळ्या खाल्ल्या का विचारते, आणि जेवणानंतर आम्ही माळावर जातो. गेल्या शनिवारी तिने पिवळ्या खोलीत एक शाळामास्तरीण राहायला आल्याचं सहज बोलता बोलता सांगून टाकलं. आणि संध्याकाळी, मी चहा टाकेपर्यंत, तिने कुंपणाचा कुजलेला खांब उपटून तिथे नवा रोवला. विकायच्या जागेत कोणी नवा खांब रोवतं का, मर्ल? मी विचारलं नाही. विचारलं तर ती विचार करायला लागेल.

काळजी आता वेगळीच आहे. तिने क्लबाची वर्गणी भरली आहे, आणि येत्या सभेत ओल्या चिंधीच्या बाजूने ठराव मांडणार आहे. म्हणते, काकांची पद्धतच शास्त्रशुद्ध आहे. तुझा तो वेगळा विषय काय होता ते माझ्या आता लक्षात आलं आहे. आभार मानत नाही, पण नोंद घेतली आहे.

मी हात कोणाच्या बाजूने वर करू? नियमाच्या केला तर शनिवार जातील, पोरीच्या केला तर दारावरची फळी माझ्याकडे बघेल. सभा तोंडावर आली आहे. मागचं सगळं विसरून, हसून झालं की लगेच दोन ओळी लिही. वाट पाहतो आहे.

तुझा थोरला भाऊ,
ऑरिन