लेकीचं वजन आणि माझा डबा

सोमवार, २ जुलै
शाळेत डॉक्टर येऊन मुलं तपासून गेले. लेकीचं वजन वयाच्या मानाने कमी, रक्तही कमी. महिनाभरात फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्या. कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. ऑफिसात दोनदा भलत्यालाच मेल पाठवली. शेवटी ठरवलं, उद्यापासून तिचा डबा मी करणार. बायको म्हणाली, तुला चहा तरी धड येतो का? दुर्लक्ष केलं. पोषण हे शास्त्र आहे.

मंगळवार, ३ जुलै
बीट, पालक, ओट्स, भोपळ्याच्या बिया. सगळं मिक्सरमधून काढून तव्यावर चकत्या भाजल्या. मीठ नाही. रंग जरा काळपट आला, पण लोह म्हटलं की तसं व्हायचंच. चव घेतली नाही, घाई होती.
ऑफिसात दिवसभर घड्याळाकडे डोळे. घरी येऊन बघतो तर डबा रिकामा! लेक म्हणाली, छान होतं बाबा. पोरीला जाण आहे.

शुक्रवार, ६ जुलै
डबा रोज रिकामा. सोमवारपासून मीही हेच खाणार. बापानेच आदर्श घालून द्यायला हवा.

सोमवार, ९ जुलै
एक घास खाल्ला. मोठ्यांच्या जिभा बिघडलेल्या असतात, हे आज पटलं. आदर्श पुढच्या महिन्यापासून. कँटीनमध्ये केक घेतला.

मंगळवार, १७ जुलै
वजनकाटा हॉलमध्येच ठेवलाय. लेकीला सकाळी उभं केलं, आंघोळीनंतर उभं केलं, शाळेतून आल्यावर पुन्हा. बायको म्हणाली, पोरगी आहे की बटाट्याचं पोतं? पण वजन वाढलंय! बायकोला काटा दाखवला. ती म्हणाली, काटा बरोबर आहे ना?

गुरुवार, २६ जुलै
वजन आणखी वाढलं. पालकसभेत बोलायला बाईंनी पाच मिनिटं दिली. फोन मीच तीनदा केला होता, पण आमंत्रण ते आमंत्रण. आरशासमोर सराव केला. पाच मिनिटं कशी पुरणार?

शनिवार, २८ जुलै
सभेत दणकून बोललो. चकत्यांची कृतीही सांगितली. मागच्या बाकावरच्या आया एकमेकींकडे बघत होत्या. वाटलं, भारावल्या.
चहाच्या वेळी लेकीच्या मैत्रिणीच्या आईने बाजूला घेतलं. हळूच म्हणाली, रागावू नका, पण सोमवारी माझा नंबर आहे, तिला अंडं चालेल ना? मला काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी लेकीने डबा कचऱ्यात रिकामा केला आणि उपाशी बसली. तेव्हापासून मागच्या बाकावरच्या या चौघीजणी आळीपाळीने तिच्यासाठी जास्तीचं खाणं पाठवतात. बाबाला सांगू नका, असं लेकीनेच बजावलं होतं. तो फार मनापासून करतो, म्हणाली होती.
घरी चालत आलो. वजन वाढल्याचा आनंद झाला, पण ते माझ्यामुळे वाढलं नाही याचं दुःख त्याहून जास्त झालं. त्याची फार लाज वाटली. मात्र नीट विचार केला तर या सगळ्याची सुरुवात माझ्याच डब्याने झाली, हे नाकारता येत नाही.
लेकीला जवळ बसवून विचारलं, सोमवारी डबा करू की नको?
ती माझा हात धरून म्हणाली, कर ना बाबा, पण थोडासाच कर. टाकताना मला फार वाईट वाटतं.