बाबाजीच्या गोठ्याचं आढं

पेण,
दि. २ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. जनी हिला चंद्रावतीचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते चुलीकडे घेऊन निघाली असशील, तर दोन मिनिटं थांब. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या फोनवर वाजणारं भजन ऐकून ऐकून मला पाठ झालं. म्हणून शेवटी लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक आहे. कपिली व्याली, पाडी झाली. थंडी बरी पडल्यामुळे वाल चांगले आले, तुझा वाटा दरवर्षीसारखा काढला. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही.

आता खरी बातमी. तुझ्या दादाचा गोठा उभा राहिला. एकही खिळा न मारता. खांब, तुळया, पेंढ्याचा माळा, सगळं जिथल्या तिथे. परवा वडखळकडून येणारे दोघे जण मोटारसायकल थांबवून बघत होते. मी मुद्दाम अंगणात उभी राहिले. एवढा ताठा या वयात शोभत नाही, पण मला चढला आणि मी तो उतरवलाही नाही.

तुला माहीतच आहे, या माणसाने पेणपासून रोह्यापर्यंत लोकांच्या गुरांना सागाची छपरं दिली आणि स्वतःची गाय पत्र्याखाली बांधली. मी बोलले की म्हणायचे, ‘आपला शेवटी, सावकाश करू.’ सावकाश करता करता सगळी लाकडं कापून झाली, खाचा पाडून झाल्या, त्यात बसणारी कुसवं घासून झाली, प्रत्येक तुकड्यावर पटाशीने खुणाही झाल्या. आणि गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी वडखळ नाक्यावर ट्रकने त्यांना उडवलं. लाकडं ताडपत्रीखाली पडून राहिली.

दिवाळीनंतर मी ती ताडपत्री काढली आणि गावातली माणसं मदतीला बोलावली. पहिले दोन रविवार नुसती मारामारी. खुणा बरोबर जुळवायच्या आणि कुसू काही खाचेत जायला तयार नाही. कोणी म्हणालं लाकूड फुगलं, कोणी म्हणालं बाबाजीचा हात शेवटी शेवटी चळला होता. ते ऐकून माझं डोकं फिरलं. एक जण म्हणाला, “काकी, थोडं तासू आनी खिळे मारू.” मी सांगितलं, आधी ते माझ्यात मारा.

त्या संध्याकाळी कपिलीला चारा घालताना माझ्या लक्षात आलं. तुझा दादा कधी ‘दारातून उजवीकडचा खांब’ म्हणायचा नाही, ‘गाईच्या उजवीकडचा’ म्हणायचा. आणि आम्ही सगळे शहाणे दारात उभे राहून खुणा वाचत होतो. गव्हाण दाराच्या बाजूला, म्हणजे गाईचं तोंड आपल्याकडे. तिची उजवी ती आपली डावी. पुढच्या रविवारी सगळ्यांना गव्हाणीमागे, गाईच्या जागेवर नेऊन उभं केलं. हसले मला. मग पहिली तुळई उचलली, लाकडी हातोड्याचे हलके ठोके दिले आणि कुसू खाचेत जाऊन बसलं, बोटाचं नखही शिरायला जागा उरली नाही. शेजारची ठमाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, “जित्ता व्हता तवा आढ्यावर बसून डोकं खायचा, आता नाय तरी सगल्यांना कामाला लावतोय गो.”

ते आढ्यावर बसणं आठवतं ना? गोठ्याचं शेवटचं, सगळ्यात वरचं लाकूड चढलं की नारळ फुटायचा, पानं मांडली जायची, आणि हे वरच. कोणी तरी अवयवदानाला ‘व्हय’ म्हणेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. वरण थंड व्हायचं, यजमान हात जोडायचा, आणि हे वरून सांगायचे, “मेल्यावर जाळून टाकायच्या आधी काय कामाचं हाय ते बघा रे. जुना गोठा मोडताना बघता ना तसं.” शेवटी भुकेने कोणी तरी कबूल व्हायचाच. काही जणांनी भुकेपोटी दिलेला शब्द पुढे खराही केला.

हे वेड कुठून लागलं ते तुला मी सांगावं असं नाही. ऐनाच्या लाकडाची ढलपी उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं, तेव्हा चाळिशीही आली नव्हती. ओळंब्याची दोरी सरळ आहे की तिरकी ते दिसेना. मुंबईच्या दवाखान्यात कोणा परक्या माणसाचं बुबुळ बसवलं तेव्हा तू रोह्यात पेढे वाटलेस, जनी. ते बुबुळही कोणाच्या तरी भावाचं नाहीतर बहिणीचं होतं. त्यानंतरचे सगळे गोठे त्याच डोळ्याने बांधले.

आणि म्हणूनच, ट्रकच्या अपघातानंतर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, मेंदू गेला आहे, आता फक्त मशीन श्वास देतंय, तेव्हा मी ‘हो’ म्हटलं. दोन किडन्या, लिव्हर आणि उजवा डोळा. डावा घेतला नाही, तो आधीच एकदा दुसऱ्याचा होता. तू रोह्याहून येऊन पोचलीस तेव्हा अवयव काढायला त्यांना आत नेलं होतं. दहाव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “माजा भाऊ अर्धा करून जाळलान हिने.” आणि पाणीही न पिता गेलीस. मी चुकले असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण तुझ्याशिवाय हे वर्ष फार वाईट गेलं, तेही लिहून टाकते.

आता जे टाळत आले ते सांगते. गोठा काही खुणांनी आपोआप उभा राहिला नाही. तुळया उचलायला खांदा लागतो, आणि वर चढायला मामाकडून शिकलेला माणूस. तुझा सुजय दर रविवारी इथे येतो. धाटावच्या कंपनीत त्याला रविवारचा ओव्हरटाइम लागतो असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस ते माझ्या कानावर आलंय. ओव्हरटाइम नाही, जनी. तो गोठा आहे. मागच्या आठवड्यात त्याने बाजारातून म्हणून आणलेले वाल आपल्याच शेतातले.

अजून एक. त्या दिवशी दवाखान्यात माझ्या शेजारी तोच उभा होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आधी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “मामी, मामा काय बोलला असता ते आपल्या दोगांना म्हायत हाय.” तुला हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही. त्याला बोल लावू नकोस. लावायचा तर मला लाव, मला सवय आहे.

सगळं झालंय. फक्त आढं अजून जमिनीवर आहे. त्याला हळद लावून पहिला हात घरच्या बहिणीने द्यायचा असतो, मगच ते वर जातं. लोक म्हणतात, ठमाबाई लावेल, बहिणीसारखीच आहे. मी नाही म्हटलं. बाबाजीला बहीण आहे. ती आली नाही तर गोठा असाच उघडा राहील, पाऊस आला तर भिजेल, पण दुसऱ्या कोणाचा हात त्या लाकडाला लागणार नाही.

रविवारी २२ तारखेला सकाळी माणसं बोलावली आहेत. साडी घेऊन ठेवली आहे.

तुझ्या रागासकट तुझी वाट बघणारी,
वहिनी चंद्रावती


रोहा,
दि. ९ फेब्रुवारी २०२६

वयनी हिला जनीचा नमस्कार.

मी बोलते हाय आनी सूनबाय पिंकी लिवते हाय. तिला सांगितलाय, मी बोलेन तसाच लिव, शुद्ध करू नको.

सुजयचं मला म्हायत हाय. कंपनीतनं आलेल्या शर्टाला सागाचा वास येतो काय गो? दर रविवारी रात्री मीच त्याच्या केसांतला भुसा झटकते आनी गप बसते. तो समजतो आई भोळी हाय. वालांचं पन शिजताना कळलं. आपल्या शेतातला कडूपना बाजारात मिलत नाय. दोन वेला जेवले मी त्या दिवशी.

पन दवाखान्यात तो तुझ्या बाजूला उभा व्हता, ते मला नव्हतं म्हायत. पत्रातला तेवढा भाग पिंकीला मी परत परत वाचायला लावला. मग त्याला समोर बोलावला. मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला जवल घेतला आनी रडले. बरा केलास बोलले.

आता माझा ऐक. दादाचा डोला दिलास म्हणून मी रागावले असा तुला वाटतो, मी पन सगल्यांना तसाच सांगितला. ते खरा नाय. रोह्याच्या बाजारात कोनी माझ्याकडे जरा जास्त बघितला तर मी थांबते अजून. वाटतो, दादा बघतोय काय. त्याचा मला वाईट नाय वाटत. मला लागला ते दुसराच. त्याच्या डोल्यासाठी मी नवस बोलले व्हते. तू डॉक्टरला सांगितलास तवा मी वडखलपर्यंत पोचले व्हते गो. एक फोन करून मला विचारला असतास, जनी, देऊ काय? मी व्हयच बोलले असते. तुझ्या आधी बोलले असते. पन मला कोनी विचारला नाय, आनी लोक बोलले, बाबाजीची बायको बघ केवढ्या मोठ्या मनाची, आनी मी नुसती मागनं आलेली बहीण.

मी २२ ला येते. येते म्हंजे राहायला येते, आठवडाभर. आढ्याला हलद मी लावीन, आनी ते उचलताना खाली उभी नाय राहनार, चार पुरुषांबरोबर खांदा देईन. बाबाजीची बहीण हाय मी, लोकांना दिसू दे.

आनी ह्या खेपेला तू मला सगल्यांच्या समोर विचारायचा, नाव घेऊन, मोठ्याने: जनी, तुझे डोले देशील काय? मोतीबिंदूचा ऑपरेशन झालेला चालतो, ते पिंकीने विचारून ठेवलाय. माझा उत्तर तयार हाय, पन विचार तू. विचारल्याशिवाय देनार नाय.

बाबाजीची बहीण आनी तुझी नणंद,
जनी