बटण ओट्यापाशी आहे

बाबा,

शांत झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. स्वारगेटहून सकाळची गाडी आहे, निघते.

स्टिरिओशेजारची काळी डबी म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे. वीज वाचवायला ती बंद करू नका. तुमच्या सगळ्या कॅसेटी तिच्यात भरल्यात. मोबाइलवर कॅसेटचं नाव दाबलं की स्टिरिओवर गाणी सुरू.

साइड ए संपली की आवाज थांबेल. लगेच फोन करून ‘तुझं यंत्र बसलं’ म्हणून सांगू नका, मी मुद्दाम तसं ठेवलंय. साइड बी सुरू करायचं बटण स्वयंपाकघरात, ओट्यापाशी चिकटवलंय. तिथंच पोळ्यांचा डबा आहे, गोळ्याही आहेत. दिवसभर तुम्हाला सांभाळून त्या खुर्चीचे पाय दुखत असतील, तिलाही जरा मोकळं करा.

आई असताना साइड संपली की पोळ्या लाटता लाटता ओरडायची, “अहो, पलटा की ती कॅसेट!” आणि तुम्ही मुकाट्यानं उठायचात. ती हाक काही मला डबीत घालता आली नाही. पण गाणं थांबलं की तुम्हाला ऐकू येईल.

उत्पला