गरज नाही, हक्क आहे

२ मार्च
घरमालकाने भाडं वाढवलं. वर म्हणाला, जमत नसेल तर महिनाअखेर खोल्या सोडा. जमत नसेल तर म्हणे! चिरंजीवांचा लगेच फोन, आमच्याकडेच या दोघं. म्हणजे हॉलमधला सोफा-कम-बेड आणि सूनबाईंच्या वेळापत्रकाप्रमाणे बाथरूम. साफ नाही म्हणून सांगितलं. माझी पेन्शन आहे म्हटलं. नव्या भाड्यानंतर तिच्यात औषधं बसत नाहीत, हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

५ मार्च, सकाळी ११
मदत कार्यालयात जाऊन आलो. पेन्शन ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर वर वृद्ध भत्ताही मिळतो. आपली चांगलीच आत आहे. शेवटचं प्रमोशन हुकलं ते आज कामी आलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आजोबा, फॉर्म कोणाकडून तरी भरून घ्या. छत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म चुका काढून परत पाठवलेत मी. घरी आल्यावर हीसुद्धा म्हणाली, मी भरू का. हसलो.

७ मार्च
फॉर्म भरला. एकही खाडाखोड नाही. रकाना आठ: मदतीची गरज का आहे? हा काय प्रश्न झाला. लिहिलं, गरज नाही, हक्क आहे. प्रकृती: ठणठणीत. सांभाळणारं कोणी आहे का? लिहिलं, मीच सगळ्यांना सांभाळतो. सोबत उत्कृष्ट कर्मचारी प्रमाणपत्र जोडलं. हिने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. अक्षर पाहून डोळे दिपले असावेत.

१४ मार्च
उद्या तपासनीस घर बघायला येणार. भिकारड्यासारखं दिसता कामा नये. शेजारच्या मास्तरांच्या दोन गुबगुबीत खुर्च्या मागून आणल्या. भिंतीवरची ओल कॅलेंडरने झाकली. एकाने भागेना, तीन लावली.

१५ मार्च
तपासनीस येऊन गेला. पोरगेला, पण ऐकून घेणारा. मी कोट घातला होता. पाऊण तास बोललो. भाड्याचं विचारलं, किरकोळ आहे म्हटलं. औषधांचं विचारलं, लागतात कुणाला म्हटलं. नेमका तेव्हाच दम लागला आणि ही गोळी घेऊन हजर. जाताना तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला, तो अर्धा तास तिथेच. एवढी तहान? असो. छाप पडली.

२४ मार्च
अर्ज नामंजूर. कारण: अर्जदाराच्या सांगण्यानुसार तो सुस्थितीत आहे. ठीक. अपील करणार. सोडत नाही आता. चौदा पानं लिहून झाली, अजून मुद्द्यावर यायचोय. हिला म्हटलं, सामान बांधायचं नाही. ती म्हणाली, मी कुठे बांधतेय. केवढा विश्वास आहे हिचा माझ्यावर.

२९ मार्च
मंजुरीचं पत्र आलं. हिच्या नावाने.
तपासनीसाने त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून हिचा वेगळा अर्ज भरून घेतला होता. हिने त्याला औषधांचा डबा दाखवला, कॅलेंडरांमागच्या ओलीचं सांगितलं, मास्तरांच्या खुर्च्यांचंसुद्धा. मी भडकलो. माझ्या पाठीमागे हे धंदे? तर म्हणाली, तुमच्यासमोर बोलायला मिळतं कुठे? आणि मला इथेच राहायचंय, माझ्या घरात.
पत्र दोनदा वाचलं. भाडं भागतं. औषधंही. खाली एक ओळ: अर्जदारावर अवलंबून व्यक्ती, एक. पती.
उद्या लेखी हरकत घेणार.

३० मार्च, दुपारी १
हरकत घेतली. तोंडी. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, जरूर घ्या, पण मग फाइल पुन्हा पहिल्यापासून, दोन महिने धरून चला. ही बाकावर गुडघा चोळत बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती.
अवलंबून व्यक्तीची सही हवी म्हणाल्या. केली. ऑफिसात करायचो तशीच, लांबलचक, खाली दोन रेघा मारून. बाई म्हणाल्या, आजोबा, चौकटीबाहेर जातेय, चालणार नाही. नवा फॉर्म दिला.
लहान केली.