दोष फोर्कचाच

२ नोव्हेंबर २०२५, सकाळी सहा. आष्टा.
नवी वही. फौजेत अठ्ठावीस वर्षं रोज लिहिलं, रिटायर झालो आणि बंद पडलं. आता रोज लिहिणार. मुद्द्याचं तेवढंच.
मुद्दा एकच. २६ जानेवारीला कोरेगावच्या माळावर माजी सैनिकांची जुन्या मोटारसायकलींची ट्रायल्स. दगडधोंड्यांतून गाडी हळू काढायची, पाय टेकला की एक मार्क गेला. नऊ वर्षं माझा पाय टेकला नव्हता. यंदा जानेवारीत पाच वेळा टेकला. नानासोनं मोजलं. आमच्याच युनिटचा, पण मोजलं.
कारण सापडलंय. गाडी १९७४ची, पुढचं चाक धरणारा फोर्क जुना. हँडल थरथरतं. दुसरं काही नाही.

३ नोव्हेंबर
अक्षर वाईट येतंय. हे पेन सौ.नं किराणा दुकानातून आणलं. तिथून साखर आणावी, पेन नाही.

९ नोव्हेंबर
फोर्क उघडला. आतलं ऑइल काळंकुट्ट. म्हणत होतोच मी. नवं भरताना निम्मं फरशीवर गेलं. फनेलचं तोंड लहान. सौ. फडकं घेऊन आली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.
संध्याकाळी गाडी फिरवली. थरथर आहेच.

१७ नोव्हेंबर
बँकेत सही जुळेना. मॅनेजर पोरसवदा. त्याला विचारलं, हे पेन आहे की दोरीला बांधलेला खिळा?
घरी सौ. म्हणाली, आवं, सांगलीच्या त्या डॉक्टरला एकदा हात दाखवून या की. म्हटलं, सांगलीला जायचंच आहे. बिराप्पा मिस्त्रीकडं, नव्या स्प्रिंगा बसवायला.

२२ नोव्हेंबर. सांगली.
बिराप्पा म्हणाला, स्प्रिंगा बऱ्या हायत. म्हटलं, बदल. म्हणाला, हँडलखालचा कोनसेट बी बरा हाय. म्हटलं, तोही बदल. माझ्याच वयाचा आहे, पण गाडी वाचवायला बघतो, रायडरचा विचार नाही.
डॉक्टरकडं जायला वेळ मिळाला नाही. बिराप्पाच्या बाकावर तीन तास बसलो होतो, पण ते कामाचं बसणं.

३० नोव्हेंबर
संकल्प. एक, चहा अर्धा कप. लोक उगीच काठोकाठ भरतात. दोन, दाढी सलूनमध्ये, हल्ली ब्लेड चांगली येत नाहीत. तीन, चिडायचं नाही.
तिसरा दुपारीच मोडला. सौ.नं चहा मोठ्या स्टीलच्या मगात दिला, दोन कानांच्या. दोन कानांचा मग कोण देतं सुभेदाराला?

१४ डिसेंबर
निर्णय झाला. थातूरमातूर बंद. नव्या डर्ट बाइकचा अख्खा फोर्क बसवायचा. बिराप्पा म्हणाला, जुन्या गाडीचं त्वांड बदलंल, लेथवर बुश करायला लागतील, कशाला वं? म्हटलं, ऑर्डर आहे.
सौ.नं डॉक्टरच्या पत्त्याची चिठ्ठी माझ्या खिशात ठेवली होती. चिठ्ठीच्या पाठीमागं बुशचं माप लिहिलं. कागद कामाला आला.

१० जानेवारी २०२६. सांगली.
फोर्क बसला. देखणा. गाडी स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, इंजिन बंद. हँडल धरलं. थरथर! म्हटलं, बिराप्पा, तुझं लेथचं काम चुकलं.
त्यानं पाना खाली ठेवला. म्हणाला, सुभेदार, हात काढा. काढले. हँडल गप्प. म्हणाला, आता ठेवा. ठेवले.
दुकानात एक गिऱ्हाईक होतं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलं.
बिराप्पा म्हणाला, फोर्क लय झ्याक बसलाय वं, च्या सांगतो. मी चहा नको म्हटलं.

११ जानेवारी
काल थंडी होती. थंडीत कुणाचाही हात हलतो. बिराप्पाला काय कळतंय त्यातलं.

१२ जानेवारी
थंडी नव्हती.

२० जानेवारी
सराव. तिसऱ्या दगडाला गाडीसकट पडलो. सौ. बांधावर उभी होती, कधी आली कळलं नाही. दोघांनी मिळून गाडी उचलली. ती म्हणाली, मला लय भ्या वाटतंय वं. म्हटलं, दगड ओला होता.
मलाही वाटतंय. तिला बोललो नाही.

२६ जानेवारी. कोरेगाव.
झेंडावंदन. सॅल्यूट केला. हातात हँडल नव्हतं, पेन नव्हतं, कप नव्हता. नुसता हात, कपाळाशी. राष्ट्रगीत संपेपर्यंत तो काही स्थिर राहिला नाही. नानासो शेजारी होता. या वेळी मोजलं नाही त्यानं, सरळ झेंड्याकडं बघत राहिला.
नंतर गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. म्हणाला, मानसिंग, येडा झालास का रं? म्हटलं, फोर्क नवा आहे, चालवून बघ. त्यानं माझी गाडी वरपर्यंत नेली. एकदाही पाय टेकला नाही.
फोर्क उत्तम आहे.

२८ जानेवारी. सांगली, दवाखाना.
नंबर सतरावा. सौ. शेजारी बसली आहे. चिठ्ठीमागचं बुशचं माप वाचून हसली, मग डोळे पुसले. फॉर्मवर सही करायची होती. चौकटीत बसेना, दोनदा बाहेर गेली. तिनं तिच्या पर्समधलं पेन दिलं. सही पुन्हा बाहेर गेली.
पेन चांगलं होतं.