देवळामागे घेतलेली गोळी

प्रिय रणजीत,

सोमवारी सकाळी भैरवनाथाला हात जोडले आणि देवळामागे जाऊन, कोणी बघत नाही ना हे पाहून, सिगारेट सोडायची गोळी गिळली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती दोन महिने चालू आहे. घरी मात्र मी सांगितलं, की नारळ ठेवून शपथ घेतली आणि देवानं सोडवलं. तुझ्या ताईनं ते गावभर केलं.

ते ऐकून तूही नारळ ठेवलास. तीनदा शपथ मोडलीस. त्याच सोमवारी चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये म्हणालास, "दाजी, तुमची भक्ती खरी. माझ्या छातीत स्टेंट बसला, तरी देव माझं ऐकत न्हाई. आता जेवढं हाय तेवढं ओढून घेतो."

मी खिशातल्या गोळ्या आणखी खोल सारल्या. लोकांतला मान जाईल, एवढीच भीती होती.

हे इथवर लिहून ठेवलं, पण चार दिवस पत्र तुला द्यायला धजलो नाही. आज बसमध्ये सगळ्यांदेखत गोळ्या काढून खरं सांगितलं.

"देवाच्या नावावर खोटं, दाजी?" तू विचारलंस.

पुढच्या थांब्यावर तुझा हात धरून उतरलो. दोघांची शिफ्ट बुडाली. आता दवाखान्यात तू माझ्याच डॉक्टरांसमोर बसला आहेस आणि मी बाहेर बाकावर हे पत्र पुरं करतोय.

तुझा दाजी,
सयाजी